गेम आपल्याकडे बघायला लागला की काय होईल?

कोथरूडच्या एका बाबांनी विचारलंय की मुलगा बारा वर्षांचा आहे, व्हीआर हेडसेटसाठी, म्हणजे डोळ्यांवर चढवला की कॉम्प्युटरने काढलेलं जग चहूबाजूंनी दिसतं त्या यंत्रासाठी, हात धुवून मागे लागलाय, घ्यावा का. आणि दुसरं म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे गेम इतके खरे झाले की आत शिरलेल्या माणसाला बाहेरचं काही आठवेना, तर माणसांच्या भावनांचं आणि एकूण समाजाचं काय होणार. मी पुण्यातच या धंद्यात बरीच वर्षं आहे, आधी मोबाइल गेम केले, आता चाकण-रांजणगावच्या कंपन्यांसाठी व्हीआरमधलं सेफ्टी ट्रेनिंग बनवतो आणि मधूनमधून खेळही करतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना जरा लांबलचकच उत्तर देतो, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे चित्र जितकं खरं दिसेल तितकी भावना जास्त येणार. तसं अजिबात नसतं. अमेरिकेत चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीत एक प्रयोग झाला होता, २००२ साली छापून आला, हेडसेट घालून तुम्ही एका खोलीत शिरता आणि खोलीच्या मधोमध वीसेक फूट खोल खड्डा असतो, बस्स. आजच्या फोनवरचे गेम त्याच्यापेक्षा शंभर पटीने सुंदर दिसतात, पण त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की लोकांच्या हृदयाचे ठोके वाढायचे, आणि खऱ्या जमिनीवर नुसती दीड इंचाची लाकडी फळी ठेवून काठाची कड पायाला लागेल असं केलं की आणखी वाढायचे. दीड इंच हो! म्हणजे काम कशाने होतं, तर तुम्ही मान वळवली की चित्र त्याच क्षणी वळलं पाहिजे, साधारण वीस मिलिसेकंदांच्या आत, आणि पायाला, कानाला जे लागतंय ते डोळ्याला दिसतंय त्याच्याशी जुळलं पाहिजे. जुळलं की शरीर मान्य करून टाकतं की मी इथे आहे. मेल स्लेटर म्हणून या विषयातले मोठे संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये हे दोन भागांत मांडलं, एक म्हणजे मी या जागी आहे असं वाटणं, आणि दुसरं म्हणजे इथे जे चाललंय ते खरंच घडतंय असं वाटणं, आणि ही दोन्ही वेगवेगळी तुटू शकतात.

आम्ही एकदा एका देवळाचा डेमो केला होता, सदाशिव पेठेतल्या एक आजी बघायला आल्या होत्या, हेडसेट घातल्यावर गाभाऱ्याच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि थांबून चपला काढल्या. ऑफिसच्या कार्पेटवर. कुणी सांगितलं नव्हतं. ग्राफिक्सबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, एवढंच विचारलं की घंटा आहे पण वाजत कशी नाही. पहिला भाग जमला होता, दुसरा घंटेपाशी तुटला. आता यात मजा अशी की आजींना नीट ठाऊक होतं की आपण बाणेरच्या ऑफिसात आहोत, पण शरीराने आणि सवयीने डोक्याला विचारलंच नाही. स्लेटर यांच्याच गटाने २००६ मध्ये मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा तो जुना प्रयोग, ज्यात सांगितलं म्हणून लोक समोरच्याला विजेचे शॉक देत जातात, तो व्हीआरमध्ये करून पाहिला, समोरची बाई कॉम्प्युटरने काढलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ती कळवळायला लागली की लोकांना घाम फुटायचा, काही जणांनी तर मध्येच थांबवलं. माहीत असणं आणि वाटणं यांच्यात फार कमी बोलणं होतं, आणि आमचा सगळा धंदा त्या फटीत चालतो.

भावनांच्या बाबतीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे मारधाडीने मुलं हिंसक होतील का. यावर मी जास्त वेळ घालवत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये परत एकदा सांगितलं की आरडाओरडा, ढकलाढकली एवढ्यापुरता छोटासा संबंध दिसतो पण गेममुळे गंभीर हिंसाचार होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. व्हीआरमध्ये हे थोडं वेगळं निघू शकतं कारण तिथे बटण दाबायचं नसतं, हात उगारावा लागतो, म्हणून मी स्वतः जवळून मारायचे सीन करायचं टाळतो, पण घराघरात ज्या प्रमाणात याची भीती आहे ती चुकीच्या जागी आहे असं माझं मत.

खरी गोष्ट दुसरीच आहे. आत्तापर्यंत आपण गेमकडे बघत होतो, आता गेम आपल्याकडे बघायला लागलाय.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मला सांगायचंय ते हेच. २००८ साली लेफ्ट फोर डेड नावाचा झॉम्बीचा गेम आला, त्यात पडद्यामागे एक प्रोग्रॅम होता जो प्रत्येक खेळाडूवर किती ताण आलाय याचा अंदाज घ्यायचा, किती मार खाल्ला, झॉम्बी किती जवळ आले वगैरेवरून, आणि ताण टोकाला गेला की झॉम्बी पाठवणं थांबवून श्वास घ्यायला वेळ द्यायचा, मग परत. तो अंदाज होता फक्त. पुढे नेव्हरमाइंड नावाच्या गेमने सरळ हृदयाचे ठोके घेतले, तुम्ही घाबरलात की गेम अवघड होत जातो आणि स्वतःला शांत केलंत की सोपा, म्हणजे हेतू चांगला, शांत राहायला शिकवायचं. आणि आता हेडसेटमध्येच डोळे कुठे वळतात ते टिपणारे कॅमेरे यायला लागलेत, सोनीच्या २०२३ च्या हेडसेटमध्ये आहेत, अॅपलच्या २०२४ च्यात आहेत, आणि डोकं आणि हात कसे हलतात हे तर प्रत्येकच हेडसेट सेकंदाला कित्येक वेळा मोजतो, मोजल्याशिवाय चालणारच नाही. अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बीट सेबर या गेममधली पन्नास हजारांवर लोकांची नुसती हालचाल घेतली, नाव नाही, चेहरा नाही, आणि शंभर सेकंदांच्या हालचालीवरून तो माणूस नेमका कोण हे ९४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. आपली मान वळवायची ढब ही आपल्या सहीइतकीच आपली निघाली.

आता हे तीन तुकडे एकत्र ठेवून बघा. शरीर फसतं, त्याची प्रतिक्रिया मोजता येते, आणि त्यावरून पुढचा सीन बदलता येतो. चक्र पूर्ण झालं. मला कुणी म्हणेल की यात नवीन काय, तमाशातला सोंगाड्या हेच करतो की, समोरचं पब्लिक बघून विनोद लांबवतो, हशा पडला नाही की दुसरा काढतो. अगदी बरोबर, पण सोंगाड्यासमोर पाचशे लोक असतात, तो सरासरी काढतो, आणि पब्लिकलाही तो दिसत असतो, त्याची लबाडी कळत असते, उलट त्याचीच मजा असते. इथे एका माणसासाठी एक सोंगाड्या आहे जो दिसत नाही, ज्याला तुमची बुबुळं दिसतात, आणि जो तुमच्या कालच्या आणि परवाच्या प्रतिक्रिया लक्षात ठेवतो.

मग दहा-पंधरा वर्षांनी काय चित्र असेल, तर हा माझा अंदाज, भविष्य नव्हे. वाकडमधला एक कॉलेजचा मुलगा संध्याकाळी गेममध्ये शिरतो, घरी वडिलांशी वाजलंय, बोलण्यातून त्याने काही सांगितलं नाही पण हालचाल जड आहे, नजर खाली जातेय, गेमला कळतं. गेममधली मैत्रीण आज लढाईला चल म्हणत नाही, म्हणते बसू जरा नदीकाठी. आणि ती कधीच चिडत नाही, कधीच स्वतःचं रडगाणं लावत नाही, तिला कधी पीरियड्स येत नाहीत, नोकरी जात नाही, तिची आई आजारी पडत नाही. त्या मुलाला बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खोटं नाहीये हो, इथेच लोक चुकतात, भावना खरीच असते, समोरचं खोटं असतं. पण रोज असं बरं वाटून घेतल्यावर ज्या खऱ्या मैत्रिणीला तिची स्वतःची डोकेदुखी आहे तिच्याशी बोलायला लागणारा धीर कुठून येणार? रुसवा काढायला जे कष्ट लागतात तेच तर नातं असतं. यावर उद्या कुणी पुराव्याने मला खोडलं तर मला आनंदच होईल, पण डिझायनर म्हणून मला माहिती आहे की लोक कुठे परत परत येतात, आणि ते जिथे अडचण सगळ्यात कमी तिथे येतात.

दुःखाचं तर याहून अवघड. दक्षिण कोरियात २०२० साली टीव्हीवर एका आईला तिच्या वारलेल्या सात वर्षांच्या मुलीशी व्हीआरमध्ये भेटवलं होतं, क्लिप अनेकांनी पाहिली असेल, हातमोजे घातलेले आईचे हात हवेत मुलीचा चेहरा शोधतात. एकदाची भेट, सोबत टीम होती, ठीक. पण याचं प्रॉडक्ट झालं की? आपल्याकडे दहाव्याला ओंकारेश्वराला जातात, पिंड ठेवतात, कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे असतात, कुणीतरी हळूच म्हणतं की नातवाचं लग्न लावून देऊ म्हणून सांगा, आणि मग शिवतो. तुम्ही मानत असा नसा, त्या सगळ्या प्रकाराला एक शेवट आहे, गेलेल्याला जाऊ द्यायची तारीख ठरलेली आहे. गेलेल्या आजोबांचं सबस्क्रिप्शन असेल तर त्याला शेवट नाही, उलट कंपनीला तो नकोच आहे. आणि महिन्याचे पैसे भरायचे थांबवणं म्हणजे आजोबांना दुसऱ्यांदा पोचवून येणं, ते कोण करणार, मोठा भाऊ की धाकटा? हे वाद घरात होतील बघा, वाटण्यांपेक्षा कडू.

चांगली बाजू नाही असं मुळीच नाही, नाहीतर मी कधीच दुसरं काम बघितलं असतं. उंचीच्या भीतीवर व्हीआरने उपचार होतात हे १९९५ पासून दिसलंय. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग बदलताना वेदना भयंकर असतात, त्यांच्यासाठी सिअॅटलला हंटर हॉफमन यांनी बर्फाच्या दरीत स्नोबॉल फेकायचा गेम केला आणि वेदना कमी जाणवल्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या व्हीआर प्रोग्रॅमला परवानगी दिली. आमच्याच ट्रेनिंगमध्ये कामगार आगीच्या सीनमध्ये खरोखर मागे सरतात, एक्स्टिंग्विशरची पिन काढताना हात थरथरतो, आणि म्हणूनच ते शिकतात, पीपीटी दाखवून हे कधी झालं नाही. बघा, औषध आणि व्यसन दोन्ही त्याच एका दारातून येतात, शरीर फसतं त्या दारातून, म्हणून सरसकट बंदी म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

सहानुभूतीचं मात्र फार कौतुक झालं. २०१५ च्या सुमारास बोलबाला होता की निर्वासितांच्या छावणीत व्हीआरने नेलं की लोक बदलतील, जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या एका सीरियन मुलीवर संयुक्त राष्ट्रांनी तशी ३६० अंशांची फिल्मही काढली. २०२१ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब निघाला तेव्हा दिसलं की व्हीआरने समोरच्याबद्दल कळवळा वाढतो, पण समोरचा काय विचार करतोय हे समजून घेण्याची क्षमता काही वाढत नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. डोळ्यात पाणी आलं म्हणजे कळलं असं नसतं, आणि पाणी आलेल्या माणसाला वाटतं की आपलं कर्तव्य झालं.

समाजाचं विचाराल तर मला सगळ्यात जास्त काळजी गर्दीची आहे, म्हणजे गर्दी जाण्याची. गणपतीत लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई करत आपण देखावे बघतो, पाय दुखतात, कुणाचं तरी कोपर लागतं, आणि सगळे एकच देखावा बघतात, मग घरी येऊन त्यावर भांडतात की यंदा कुठल्या मंडळाचा भारी होता. उद्या एखादं मंडळ हेडसेटमध्ये देखावा देईल, देणारच, आणि बहुतेक अप्रतिम असेल. पण प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे तो बदलत गेला, मला अफझलखानाचा वध दाखवला आणि तुम्हाला तुमच्या आवडीप्रमाणे दुसरंच काही, तर रात्री भांडायचं कशावरून? सार्वजनिक या शब्दातला सगळा जीव सगळ्यांनी एकच गोष्ट एकत्र सोसण्यात आहे. तेच राजकारणाचं. प्रचाराचं भाषण प्रत्येक मतदाराच्या भीतीला बेतून ऐकवता आलं, तेही त्याची नाडी बघून, तर सभेला जाऊन शेजारच्याचा चेहरा बघत आपलं मत बनवायची सोय गेली.

आणि एक, बायका-मुलींचा प्रश्न. मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या, व्हर्च्युअल जगात छेडछाडीच्या तक्रारी आल्यावर २०२२ मध्ये त्यांनी दोन अवतारांत, म्हणजे आत आपल्या जागी वावरणाऱ्या आकृत्यांत, सुमारे चार फुटांचं अंतर ठेवणारी सोय सुरू केली, आणि २०२४ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एका अल्पवयीन मुलीच्या अवतारावर झालेल्या अत्याचाराचा पोलिसांनी तपास हाती घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यावर पुष्कळ जण हसले, की हेडसेट काढून ठेवायचा ना. खड्ड्याच्या काठावर ज्यांचे ठोके वाढले त्यांनाही हेडसेट काढता येत होता. माझ्या ओळखीच्या कित्येक मुली आत जाताना पुरुषाचा अवतार घेतात आणि माइक बंद ठेवतात, म्हणजे बाहेरचं सगळं आत आधीच पोचलंय.

कायद्याचं थोडक्यात. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. तुमच्या कामाचा आहे तो २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं मना आहे, अर्थात सरकार काहींना त्यातून सूट देऊ शकतं. कागदावर चांगलंय. पण हेडसेटला चालायचं असेल तर हालचाल मोजावीच लागते, मग मोजणं कुठे संपतं आणि नजर ठेवणं कुठे सुरू होतं, हे कुणीतरी टेक्निकल माणसाने बसून ठरवायला हवं. होऊ शकतं हे, अॅपलने आपल्या हेडसेटमध्ये तुम्ही कुठे बघताय हे अॅप बनवणाऱ्यांना दिसू द्यायचं नाही असं ठरवलंय, तुम्ही चिमूट केलीत तरच निवड कळते. म्हणजे हे काही विधिलिखित नाही, कुणीतरी मीटिंगमध्ये बसून घेतलेला निर्णय असतो, आणि मी अशा मीटिंगांमध्ये बसलोय म्हणून सांगतो की तिथे आई-बापांचा आवाज म्हणून कुणीच नसतो.

आता तुमच्या मुलाचं. मेटाने २०२३ मध्ये वयाची अट १३ वरून १० वर आणली, अकाउंट आई-वडिलांच्या ताब्यात असावं या अटीवर, सोनी १२ म्हणतं. बारा वर्षांच्या मुलाला मी देईन, पण त्याचा एकट्याचा म्हणून नाही, घरातला म्हणून, टीव्हीसारखा, हॉलमध्ये. आत जे दिसतंय ते टीव्हीवर कास्ट करता येतं ते चालू ठेवायचं, म्हणजे तुम्हीही बघताय आणि त्यालाही माहितीये की तुम्ही बघताय. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, मळमळलं की लगेच बंद, सवय होईल म्हणून रेटायचं नाही, कान सांगतो थांबलोय आणि डोळे सांगतात पळतोय त्यातून ते होतं, आणि बसल्या जागी खेळायचे गेम आधी. अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट बंद. डोळ्यांचं ट्रॅकिंग असलेलं मॉडेल असेल तर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून टाका. हेडसेट काढल्यावर थोडा वेळ हात परके वाटतात, जग जरा सपाट वाटतं काहींना, तेव्हा लगेच सायकल घेऊन बाहेर पाठवू नका, आणि तुम्ही स्वतः खेळलात तर लगेच टू-व्हीलर काढू नका. छताचा पंखा बघून घ्या, हे गंमत म्हणून सांगत नाही, फ्लॅटची उंची कमी असते आणि कंट्रोलर धरलेला हात वर जातो.

व्यसनाची भीती वाटत असेल तर नुसते तास मोजू नका, डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, व्याख्येतही तासांचा आकडा नाही, ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं, नुकसान दिसत असूनही चालू राहणं, आणि हे साधारण वर्षभर, असं बघतात. माझी स्वतःची खूण याहून लवकर कळते, खेळून झाल्यावर तो आत काय झालं ते तुम्हाला सांगायला येतो का ते बघा. येत असेल तर ठीक चाललंय. सांगायचं बंद झालं आणि विचारल्यावर काही नाही म्हणायला लागला तर हेडसेट महिनाभर कपाटात. आणि हॉरर बाराव्या वर्षी नको, मित्राने कितीही चढवलं तरी.